ॲग्नेस की ॲन? तीन मृत्युपत्रांतील एक स्त्री

शेक्सपिअरच्या पत्नीचे माहेर कोणते, या प्रश्नाचे उत्तर चर्चच्या नोंदवहीत मिळत नाही. बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदी ठेवण्याचा हुकूम इंग्लंडमध्ये १५३८ साली निघाला. परंतु स्ट्रॅटफर्डची उपलब्ध नोंदवही १५५८ पासून सुरू होते. ॲन १६२३ साली वारली, तेव्हा ती ६७ वर्षांची होती असे तिच्या थडग्यावरील पितळी पत्रा सांगतो. म्हणजे तिचा जन्म नोंदवहीच्या आधीचा. अशा वेळी वंशशोधकाला मृत्युपत्रांचाच आधार उरतो. १८५८ पर्यंत ती शाबीत करण्याचे काम मुख्यतः चर्चच्या न्यायालयांकडे होते, आणि त्यांच्या दप्तरांतच ती टिकून राहिली.

शॉटरीचा शेतकरी रिचर्ड हॅथवे याने १५८१ साली मृत्युपत्र केले. त्यात ॲग्नेस नावाच्या मुलीला लग्नाच्या दिवशी १० मार्क, म्हणजे ६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स, द्यावेत असे म्हटले आहे. ॲन नावाची मुलगी त्यात नाही. पुढच्याच वर्षी शेक्सपिअरच्या विवाहासाठी लिहून दिलेल्या हमीपत्रात मात्र वधूचे नाव ॲन हॅथवे असे आहे. मग ही ॲग्नेस कोण?

त्या काळी ॲग्नेसचा उच्चार 'ॲनिस'सारखा होई आणि ही दोन नावे एकमेकांच्या जागी वापरली जात. पण केवळ उच्चारावर वंशावळ उभी करता येत नाही. हमीपत्रावरील दोन जामीनदारांची नावे रिचर्डच्या मृत्युपत्रातही आढळतात, हा अधिक भक्कम पुरावा होय. त्याच मृत्युपत्रात टॉमस व्हिटिंग्टन या मेंढपाळाचे घराकडे असलेले येणे नोंदले आहे. १६०१ साली या मेंढपाळाने आपले मृत्युपत्र करताना स्ट्रॅटफर्डच्या गरिबांसाठी ४० शिलिंग ठेवले. ते विल्यम शेक्सपिअरची पत्नी ॲन हिच्याकडे आपले येणे असल्याचे तो नमूद करतो. हॅथवे घराचा चाकर आणि शेक्सपिअरची पत्नी यांना जोडणारा हा दुवा एका मेंढपाळाच्या हिशेबाने पुरवला आहे.

तिसरे मृत्युपत्र १६१६ चे, खुद्द शेक्सपिअरचे. त्यात पत्नीचा उल्लेख एकदाच येतो: दोन ओळींच्या मधे लिहिलेल्या वाक्यात तिला 'दुसऱ्या प्रतीचा पलंग' दिला आहे. यावरून दांपत्यातील दुराव्याची कथा रचणाऱ्यांनी मृत्युपत्राचा स्वभाव ध्यानात घ्यायला हवा. विधवेला पतीच्या जमिनीतील तिसऱ्या हिश्शाचा हयातीपुरता उपभोग कायद्यानेच मिळे, तेव्हा तो मृत्युपत्रात लिहिण्याची गरज नव्हती, असे काही अभ्यासक मानतात; हा नियम येथे कितपत लागू होता यावर मात्र मतभेद आहेत. म्हणून अनुल्लेख हा तिरस्काराचा पुरावा ठरत नाही. नात्यांचे शब्दही जपून वाचावे लागतात. याच मृत्युपत्रात नात एलिझाबेथ हिला 'नीस' म्हटले आहे. आजच्या अर्थाने वाचणारा तिला पुतणी किंवा भाची समजून वंशवृक्षाच्या भलत्याच फांदीवर बसवील.

ही एलिझाबेथ १६७० साली निपुत्रिक वारली व शेक्सपिअरचा थेट वंश खुंटला. ॲनचे स्वतःचे मृत्युपत्र उपलब्ध नाही. आम्हांला ती दिसते ती बाप, मेंढपाळ आणि नवरा या तीन पुरुषांच्या कागदांत. हुंडा, कर्ज आणि पलंग यांच्या निमित्ताने. तिची ओळख पटवण्यास हे कागद पुरेसे आहेत. तिच्या मनाविषयी त्यांच्यावरून निकाल देण्याचा अधिकार मात्र आपल्याला मिळत नाही.