दुव्याचा रंग कोणी ठरवायचा?

तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसाने वेबपानावरच्या रंगांविषयी बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. पण माऊसचा बाण दुव्यावर नेला की अक्षरांचा रंग पालटतो, या एवढ्याशा गोष्टीमागे एक जुना वाद आहे. पानाचं रूप कोणी ठरवायचं, लिहिणाऱ्याने की वाचणाऱ्याने? आज आपण त्या वादाचा इतिहास पाहू.

टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत पहिला ब्राउझर लिहिला. त्यांच्या नेक्स्ट संगणकाचा पडदा करड्या छटांचा होता. तिथे रंगाचा प्रश्नच नव्हता. दुवा ओळखायचा तो खालच्या रेघेवरून. पुढे १९९३ मध्ये, इलिनॉय विद्यापीठात तयार होत असलेल्या मोझेक ब्राउझरमध्ये, न उघडलेला दुवा निळा आणि उघडून पाहिलेला गडद जांभळा झाला. म्हणजे रंग काळ सांगू लागला: इथे अजून जायचंय, इथे जाऊन आलो. ध्यानात घ्या, हे रंग ब्राउझरचे होते, पान लिहिणाऱ्याचे नव्हते.

लिहिणाऱ्यांना ते पुरेना. पान आपल्या मनासारखं दिसावं, अशी त्यांची मागणी होती. ऑक्टोबर १९९४ मध्ये होकॉन विउम ली यांनी सर्नमधूनच एक प्रस्ताव मांडला; त्यातूनच पुढे सीएसएस आलं. मूळ प्रस्तावातली एक कल्पना आम्हाला फार आवडते. प्रत्येक नियमापुढे त्याचं वजन टक्क्यांत लिहायचं, आणि लेखक नि वाचक यांच्या इच्छांचा मेळ घालायचा! टक्के पुढे मागे पडले, मेळ घालण्याची कल्पना मात्र टिकली. ‘कॅस्केडिंग’ हा शब्द तिचाच.

डिसेंबर १९९६ च्या पहिल्या सीएसएसमध्ये दुव्याच्या तीन अवस्था होत्या: लिंक, व्हिजिटेड आणि ॲक्टिव्ह. होव्हर त्यात नव्हतं. ते १९९७ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ४ मध्ये दिसलं आणि मे १९९८ च्या दुसऱ्या सीएसएसने त्याला मान्यता दिली. आता गंमत पाहा. पहिल्या सीएसएसमध्ये ‘महत्त्वाचा’ अशी खूण केलेल्या दोन नियमांत लेखकाचा नियम जिंकत असे. दुसऱ्याने ते उलटवलं. शेवटचा शब्द वाचकाचा केला. ज्या दस्तऐवजाने लेखकाला होव्हर दिलं, त्यानेच वाचकाला हा अधिकार दिला.

होव्हर वापरताना क्रम सांभाळावा लागतो. एकच दुवा पाहिलेलाही असतो आणि बाण त्यावर टेकलेलाही असतो. दोन नियम तुल्यबळ असले तर नंतर लिहिलेला लागू होतो. म्हणून लिंक, व्हिजिटेड, होव्हर, ॲक्टिव्ह असा क्रम शिकवतात. व्हिजिटेडचा रंग होव्हरच्या खाली लिहिला, तर पाहिलेले दुवे बाण नेला तरी ढिम्म राहतात. मेनूतल्या दुव्यांना वेगळा क्लास दिला की त्यांचा होव्हरचा रंग निराळा आणि मजकुरातल्यांचा निराळा, हेही सहज जमतं.

आता आमचीच एक चूक सांगतो. व्याख्यानांच्या टिपणांचं पान करून घेताना आम्ही एका विद्यार्थ्याला हौसेने म्हटलं, “दुव्यांखालची रेघ काढ, रंग मजकुरासारखा काळाच ठेव. बाण नेला की केशरी होऊ दे.” पान देखणं झालं. आठवड्याभरात एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला. “अहो सर, संदर्भ खाली दिलेत म्हणता, ते आहेत कुठे? मी मोबाइलवर वाचतोय.” आम्ही ओशाळलो. बोटाने वाचणाऱ्याकडे बाण नसतो. त्याला आमचे दुवे दिसणार कसे? माहिती केवळ रंगातून सांगू नये, हे वेबच्या सुलभतेसाठीच्या २००८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट लिहिलं आहे, कारण रंग सगळ्यांना सारखे दिसत नाहीत. आम्ही तर दुवा बाण नेईपर्यंत रंगातूनही सांगत नव्हतो.

आम्ही रेघ परत आणली. केशरी रंगही ठेवला, पण आता तो फक्त ‘बाण इथे पोहोचला’ एवढंच सांगतो. तुमचं एखादं पान असेल तर आज घरी गेल्यावर ते मोबाइलवर उघडा आणि एकही दुवा न दाबता सगळे दुवे मोजून पाहा. मोजता आले नाहीत, तर वाचकालाही ते सापडत नसणार.