गुणाधारित बक्षीस पद्धती (शालेय शिक्षण)

गुणाधारित बक्षीस पद्धती ही शाळेतील वर्गव्यवस्थापनाची एक पद्धत आहे. या पद्धतीत विद्यार्थ्याने आधी ठरवून दिलेले इष्ट वर्तन केल्यास त्याला गुण, तारा, ठसा, चकती किंवा तत्सम चिन्ह दिले जाते. अशी ठरावीक चिन्हे साठल्यावर त्यांच्या बदल्यात एखादी वस्तू, सवलत किंवा आवडीचे काम मिळते. मानसशास्त्रात या पद्धतीला टोकन अर्थव्यवस्था असे म्हणतात. यातील गुण परीक्षेतील गुणांहून वेगळे असतात. ते ज्ञानाचे मोजमाप करत नाहीत, तर वेळेवर येणे, हात वर करून बोलणे, वर्ग स्वच्छ ठेवणे, दिलेले काम पूर्ण करणे यांसारख्या वर्तनासाठी दिले जातात.

भारतात शाळेतील शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांवर कायद्याने बंदी आल्यानंतर शिक्षेला पर्याय म्हणून या पद्धतीचे महत्त्व वाढले. मात्र बक्षीस बंद झाल्यावर वर्तन टिकते का, आणि गुणांच्या यादीत सतत तळाशी राहणाऱ्या मुलाचे काय होते, या दोन प्रश्नांवर शिक्षणतज्ज्ञांत दीर्घकाळ मतभेद आहेत. महाराष्ट्रात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी जोपासलेली बालशिक्षणाची परंपरा बक्षीस आणि शिक्षा या दोहोंना पर्याय शोधणारी आहे.

संकल्पना

ही पद्धत साधक अभिसंधानाच्या तत्त्वावर आधारलेली आहे. ज्या वर्तनानंतर सुखद परिणाम मिळतो ते वर्तन पुन्हा होण्याची शक्यता वाढते, असे हे तत्त्व सांगते. अशा परिणामाला प्रबलन म्हणतात. चकती किंवा तारा यांना स्वतःचे मोल नसते. ज्या गोष्टीच्या बदल्यात त्या मोडता येतात तिच्यामुळे त्यांना मोल येते. म्हणून त्यांना दुय्यम प्रबलक मानले जाते. चिन्हाचा मुख्य उपयोग असा की, प्रत्यक्ष बक्षीस नंतर देता येते, पण वर्तनाची दखल त्याच क्षणी घेता येते.

पद्धतीचे सर्वसाधारण घटक पुढीलप्रमाणे असतात:

* इष्ट वर्तनाची स्पष्ट व्याख्या. 'चांगले वागणे' ही व्याख्या होत नाही. 'दुसरा बोलत असताना मध्ये न बोलणे' ही होते.
* चिन्ह. ते टिकाऊ, मोजता येण्याजोगे आणि शिक्षकाखेरीज इतरांना सहज तयार करता न येणारे असावे लागते.
* बदल्यात मिळणारी बक्षिसे व त्यांचा दर.
* चिन्हे केव्हा दिली व केव्हा मोडली जातील याचे वेळापत्रक.
* पद्धत हळूहळू मागे घेण्याची योजना.

काही वर्गांत अनिष्ट वर्तनासाठी मिळवलेले गुण कमीही केले जातात. या गुणकपातीमुळे बक्षिसाच्या पद्धतीत शिक्षेचा अंश येतो, असा आक्षेप घेतला जातो.

इतिहास

चिन्हांच्या बदल्यात बक्षीस देण्याची शालेय प्रथा आधुनिक मानसशास्त्राहून जुनी आहे. इंग्लंडमध्ये जोसेफ लँकेस्टर यांनी १७९८ मध्ये लंडन येथे सुरू केलेल्या शाळेत मोठी मुले लहान मुलांना शिकवत. तेथे चांगल्या कामासाठी बिल्ले व तिकिटे दिली जात आणि तिकिटांच्या बदल्यात बक्षिसे मिळत. मोठ्या मुलांकरवी शिकवण्याचा असाच प्रयोग अँड्र्यू बेल यांनी त्याआधी मद्रास येथील अनाथालयात केला होता आणि १७९७ मध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला होता. मुंबई इलाख्यात १८२२ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेने आपल्या शाळांसाठी लँकेस्टर यांच्या अध्यापनपद्धतीचा पुरस्कार केला. मराठी शाळांमधील वर्गनायकाच्या प्रथेशी या पद्धतीचे साम्य आहे.

एडवर्ड थॉर्नडाइक यांनी मांडलेला परिणामाचा नियम आणि बी. एफ. स्किनर यांनी १९३८ च्या ग्रंथात मांडलेले साधक अभिसंधान यांनी या प्रथेला सैद्धांतिक आधार दिला. चिंपँझी खाद्याच्या बदल्यात मोडता येणाऱ्या चकत्यांसाठीही काम करतात, हे जॉन वुल्फ यांनी १९३६ मध्ये दाखवले. १९६० च्या दशकात टिओडोरो आयलॉन आणि नेथन अझरिन यांनी अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या ॲना येथील मनोरुग्णालयात चकत्यांची पद्धत राबवली. त्यावरील त्यांचा ग्रंथ १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. काम आणि चकती यांचा संबंध तोडताच रुग्णांचे काम घटते व तो पुन्हा जोडताच वाढते, असे त्यांना आढळले.

शाळेच्या संदर्भात १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेला 'सद्वर्तनाचा खेळ' विशेष उल्लेखनीय आहे. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या बाल्डविन सिटी येथे हॅरिएट बॅरिश व त्यांच्या सहकाऱ्यांनी चौथीच्या २४ विद्यार्थ्यांच्या वर्गाचे दोन संघ केले. जागा सोडणे किंवा परवानगीशिवाय बोलणे यासाठी संघाच्या नावापुढे फळ्यावर खूण केली जाई. कमी खुणा असलेल्या संघाला, आणि दोन्ही संघांच्या खुणा मर्यादेत राहिल्यास दोघांनाही, जेवणासाठी आधी रांगेत उभे राहणे किंवा दिवसाअखेरीस मोकळा वेळ अशा सवलती मिळत. खेळ चालू असताना गोंगाट बराच कमी झाला आणि थांबवल्यावर तो पुन्हा वाढला. एका संघातील दोन विद्यार्थ्यांनी खेळण्यास नकार दिल्याने त्यांच्या खुणा संघापासून वेगळ्या मोजाव्या लागल्या. सामूहिक बक्षिसाची ताकद आणि त्यातून निर्माण होणारा ताण, हे दोन्ही या प्रयोगात दिसून आले.

२०११ मध्ये सुरू झालेल्या क्लासडोजो या उपयोजनामुळे हीच पद्धत भ्रमणध्वनीवर आली आणि विद्यार्थ्यांचे गुण पालकांपर्यंत तत्काळ पोहोचू लागले.

वर्गातील कार्यपद्धती

प्राथमिक वर्गात साधारणतः तीन ते पाच वर्तने निवडली जातात आणि त्यांचा तक्ता भिंतीवर लावला जातो. खर्चिक वस्तूंऐवजी शाळेत सहज उपलब्ध असणाऱ्या संधी बक्षीस म्हणून ठेवता येतात. परिपाठात सुविचार किंवा बातम्या वाचण्याचा मान, ग्रंथपेटीतून पहिले पुस्तक निवडणे, मैदानावरील खेळ ठरवणे, झाडांना पाणी घालण्याची जबाबदारी ही त्याची उदाहरणे होत. गुण देताना वर्तनाचे नाव घेऊन कौतुक केले, तर मुलाला गुण कशाबद्दल मिळाला हे कळते आणि पुढे गुणांची जागा केवळ शब्द घेऊ शकतात.

गुण वैयक्तिक, गटवार किंवा संपूर्ण वर्गासाठी मोजता येतात. वैयक्तिक पद्धतीत स्पर्धा वाढते. गटपद्धतीत सहकार्य वाढते, परंतु गुण घालवणाऱ्या मुलावर सवंगड्यांचा रोष ओढवू शकतो. संपूर्ण वर्गाचे गुण एकत्र साठवून सर्वांना एकच बक्षीस देण्याच्या पद्धतीत विजेता व पराभूत असा भेद राहत नाही.

महाराष्ट्रातील संदर्भ

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा कायदा १ एप्रिल २०१० रोजी अंमलात आला. त्याच्या कलम १७ नुसार कोणत्याही बालकाला शारीरिक शिक्षा देता येत नाही किंवा त्याचा मानसिक छळ करता येत नाही. कलम २९ मध्ये बालकाला भीती, आघात व चिंता यांपासून मुक्त ठेवण्याची आणि सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची अपेक्षा व्यक्त केली आहे. महाराष्ट्र शासनाने ऑगस्ट २०१० च्या निर्णयाद्वारे इयत्ता पहिली ते आठवीसाठी हे मूल्यमापन लागू केले. त्यात शिक्षकाने प्रत्येक मुलाच्या प्रगतीच्या वर्णनात्मक नोंदी करावयाच्या असतात. अशी नोंद आणि वर्तनाचे गुण यांत मूलभूत फरक आहे. नोंद मुलाची तुलना त्याच्याच आधीच्या स्थितीशी करते. भिंतीवरील गुणतक्ता त्याची तुलना इतरांशी करतो.

राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये मुलाला हिणवणे, लाज वाटेल असे वागवणे, अपमानकारक विशेषणे लावणे यांचा समावेश मानसिक छळात केला आहे. त्यामुळे कमी गुण मिळालेल्यांची नावे जाहीर वाचणे किंवा त्यांना वेगळे बसवणे यांसारख्या कृती बक्षीस योजनेचा भाग असल्या, तरी कायद्याच्या हेतूशी विसंगत ठरू शकतात.

शासकीय पातळीवर वर्तनाशी थेट जोडलेल्या प्रोत्साहनाचे जुने उदाहरण म्हणजे उपस्थिती भत्ता. दारिद्र्यरेषेखालील अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि भटक्या विमुक्त जमातींमधील पहिली ते चौथीच्या मुलींना १९९० च्या दशकापासून शाळेतील उपस्थितीच्या प्रत्येक दिवसासाठी १ रुपया भत्ता देण्याची ही योजना आहे. त्यासाठी किमान ७५ टक्के उपस्थितीची अट असते. दर अनेक वर्षे न बदलल्याने हे प्रोत्साहन नाममात्र उरल्याची टीका झाली. बक्षिसाचे मोल घटले की त्याचा प्रभावही घटतो, हे टोकन अर्थव्यवस्थेतील तत्त्व येथेही लागू पडते.

बालशिक्षण परंपरा व बक्षिसांना विरोध

मारिया माँटेसरी यांनी रोम येथे १९०७ मध्ये सुरू केलेल्या बालगृहातील अनुभवावरून बक्षीस व शिक्षा दोन्ही अनावश्यक ठरवल्या. कामात रमलेल्या एका मुलाने बक्षीस म्हणून मिळालेले पदक शिक्षा म्हणून बसवलेल्या दुसऱ्या मुलाला सहज देऊन टाकले, असा प्रसंग त्यांनी नोंदवला आहे. गुजरातमध्ये गिजुभाई बधेका यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात याच दिशेने काम केले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी हे विचार मराठीत आणले. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या कार्याला त्यांनी वाहून घेतले.

ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाड येथे नेले. अनुताई वाघ (१९१०–१९९२) या कार्यात प्रारंभापासून त्यांच्यासोबत होत्या. आदिवासी पाड्यांवरील मुले शाळेत येत नाहीत, तेव्हा त्यांना बक्षिसाने आकर्षित करण्याऐवजी शाळाच त्यांच्याकडे नेण्याचा मार्ग त्यांनी स्वीकारला. पाड्यावरच्या अंगणात भरणारी अंगणवाडी आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात भरणारी कुरणशाळा हे त्याचे मूर्त रूप होते. अनुपस्थिती हा मुलाच्या वर्तनातील दोष नसून शाळेच्या रचनेतील उणीव असू शकते, ही या प्रयोगामागील भूमिका गुणाधारित पद्धतीपेक्षा मुळातच वेगळी आहे.

ठाणे जिल्हा व टिटवाळा परिसर

बोर्डी व कोसबाड ही गावे १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यातच होती. याच जिल्ह्याच्या कल्याण तालुक्यातील टिटवाळा हे मध्य रेल्वेच्या कल्याण–कसारा मार्गावरील स्थानक असून तेथील महागणपती मंदिर प्रसिद्ध आहे. मांडा-टिटवाळा भाग कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीत येतो, तर सभोवतालच्या ग्रामीण भागात जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत. रेल्वेने मुंबईकडे नोकरीसाठी जाणाऱ्यांची कुटुंबे आणि हंगामी कामावर जगणारी कुटुंबे या परिसरात जवळजवळ राहतात.

कल्याण, भिवंडी व शहापूर तालुक्यांतील वीटभट्ट्यांवर कातकरी व अन्य श्रमिक कुटुंबे दिवाळीनंतर स्थलांतर करतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. शालेय वर्ष जूनमध्ये सुरू होत असल्याने या मुलांचे वर्ष मधोमध तुटते. उपस्थिती, गणवेश किंवा गृहपाठ यांवर आधारित गुणांच्या योजनेत अशी मुले प्रयत्न करूनही मागे पडतात, कारण ही तिन्ही वर्तने मुलाच्या नव्हे, तर कुटुंबाच्या परिस्थितीच्या हाती असतात. ठाणे जिल्ह्यात विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या. कुरणशाळेप्रमाणेच हाही शाळा मुलाकडे नेण्याचा मार्ग होता. संमिश्र लोकवस्तीच्या शाळेत वर्तने निवडताना ती प्रत्येक मुलाच्या आवाक्यातील आहेत का, हे पाहणे त्यामुळे आवश्यक ठरते. शेजाऱ्याला मदत करणे किंवा आपली पाळी येईपर्यंत थांबणे ही वर्तने या कसोटीला उतरतात.

परिणामकारकतेविषयीचे संशोधन

वर्गातील बडबड कमी करणे, काम पूर्ण करून घेणे अशा दृश्य व मोजता येणाऱ्या वर्तनावर ही पद्धत लवकर परिणाम करते, याविषयी संशोधकांत बऱ्यापैकी एकमत आहे. वाद आहे तो आंतरिक प्रेरणेवरील परिणामाबाबत.

मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन व रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये बालवाडीतील ५१ मुलांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. या सर्व मुलांना चित्रे काढण्याची आवड होती. बक्षिसाचे आश्वासन देऊन ज्यांच्याकडून चित्रे काढून घेतली, त्या मुलांनी पुढे मोकळ्या वेळेत इतरांच्या तुलनेत सुमारे निम्माच वेळ चित्रे काढण्यात घालवला. अनपेक्षितपणे बक्षीस मिळालेल्या मुलांत अशी घट दिसली नाही. १९९४ मध्ये जुडी कॅमेरॉन व डेव्हिड पियर्स यांनी अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून हा धोका मर्यादित असल्याचे प्रतिपादन केले. १९९९ मध्ये एडवर्ड डेसी, रिचर्ड कोस्टनर व रिचर्ड रायन यांनी १२८ अभ्यासांच्या आधारे उलट निष्कर्ष काढला: अपेक्षित वस्तुरूप बक्षिसांमुळे आंतरिक प्रेरणा घटते आणि हा परिणाम लहान मुलांत अधिक असतो.

दोन्ही बाजूंच्या मांडणीतून एक भेद स्पष्ट होतो. जे काम मुलाला मुळातच आवडते त्याला गुण लावल्यास आवड कमी होण्याचा धोका असतो. जे काम त्याला कंटाळवाणे किंवा अनोळखी वाटते त्याची सुरुवात करून देण्यासाठी गुण उपयोगी पडू शकतात. वाचनाची गोडी असलेल्या मुलाला पुस्तकामागे गुण देणे आणि वर्गात दप्तर जागेवर ठेवण्याची सवय लावण्यासाठी गुण देणे, ही या दृष्टीने वेगवेगळी उदाहरणे आहेत.

मर्यादा व टीका

* गुण मिळवण्यापुरते वर्तन केले जाते आणि शिक्षकाची पाठ फिरताच ते थांबते.
* बक्षिसाची सवय झाल्यावर त्याचे प्रमाण वाढवण्याची मागणी होते.
* आधीपासून शिस्तबद्ध असलेली मुले गुण मिळवत राहतात आणि ज्यांच्यासाठी योजना आखली ती मुले लवकर आशा सोडतात.
* शिक्षकाच्या नजरेत भरणाऱ्या मुलांना अधिक गुण मिळण्याचा पक्षपात संभवतो.
* भूक, आजार, ऐकण्या-पाहण्यातील अडचण किंवा घरातील ताण यांमुळे होणारे वर्तन गुणांनी बदलत नाही; उलट मूळ कारण झाकले जाते.

अल्फी कोहन यांनी १९९३ मधील ग्रंथात बक्षीस व शिक्षा या एकाच नियंत्रणाच्या दोन बाजू असल्याचे मांडले. पद्धतीचे समर्थक याला उत्तर देताना सांगतात की, मोठ्या पटाच्या वर्गात शिक्षकाचे लक्ष चुकांकडेच अधिक जाते आणि गुण देण्याच्या निमित्ताने ते चांगल्या वर्तनाकडे वळते. या बदलाचा लाभ मुलाइतकाच शिक्षकालाही होतो, असे त्यांचे म्हणणे आहे.

हेही पहा

* साधक अभिसंधान
* ताराबाई मोडक
* अनुताई वाघ
* अंगणवाडी
* बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९
* टिटवाळा