रूमी खानाची तोफ आणि वरणगावची गोळी

विजापूरच्या बुरुजावरची ‘मुलुख-ए-मैदान’ तोफ अनेकांनी पाहिली असेल. तिचा जन्म मात्र महाराष्ट्रातला. १५४९ मध्ये, बुऱ्हाण निजामशाहाच्या काळात, रूमी खान या तुर्की कारागिराने ती अहमदनगरला ओतली. तांबे आणि कथिलाच्या मिश्रधातूची ही तोफ सुमारे ५५ टन वजनाची आहे. आपल्या भाषणांत तिचा उल्लेख अभिमानाने होतो. पण ती एवढी जड का करावी लागली, हे फारसे कोणी विचारत नाही.

दारू पेटली की क्षणार्धात आतून प्रचंड दाब येतो. तो मोजण्याचे साधन त्या काळी नव्हते. भिंत जाड ठेवणे हाच उपाय होता. अंदाज चुकला तर तोफ फुटायची आणि आपलाच तोफची मरायचा. अचानक बसणाऱ्या धक्क्याखाली धातू कसा वागतो, हा प्रश्न रूमी खानाच्या भट्टीतही होताच.

आज हाच प्रश्न आपल्या खान्देशाच्या दारात आहे. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या आयुध निर्माणीत रायफलींच्या ५.५६ आणि ७.६२ मिलिमीटरच्या गोळ्या तयार होतात. अशी गोळी सेकंदाला आठशे मीटरच्या आसपास वेगाने जाते. तोच वेग कायम धरला, तर एक सेंटिमीटर जाडीचे कवच ओलांडायला तिला सेकंदाचा ऐंशी हजारावा भाग पुरतो. तेवढ्या वेळात धातूचे काय होते?

एक तार घ्या आणि तीच जागा पुन्हा पुन्हा वाकवा. ती जागा आधी कडक होते, गरमही होते. सावकाश वाकवले तर उष्णता आजूबाजूला पसरते. गोळीच्या धक्क्यात मात्र तिला पसरायला वेळच मिळत नाही. ती केसापेक्षाही बारीक पट्ट्यात कोंडते. तेथे धातू मऊ पडतो, मऊ जागीच आणखी सरकतो आणि आणखी तापतो. शेवटी कवचातून चकती निघते, जणू पंच मारून पत्र्याला भोक पाडले.

हे प्रथम टिपले ते फ्रेंच अभियंते आंरी त्रेस्का यांनी. प्लॅटिनमच्या मिश्रधातूवर घणाचा घाव पडताच त्यावर उष्णतेच्या फुलीसारख्या रेषा उमटतात, हे त्यांनी १८७८ मध्ये नोंदवले. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४४ मध्ये, झेनर आणि होलोमन या अमेरिकी संशोधकांनी त्यामागचे कारण मांडले. घावाने येणारा कडकपणा आणि उष्णतेने येणारा मऊपणा यांची ती झुंज असते. १९४९ मध्ये हर्बर्ट कोल्स्की यांनी दोन लांब दांड्यांमध्ये नमुना ठेवून असा धक्का प्रयोगशाळेत मोजण्याची रीत दिली.

टायटॅनियमच्या बाबतीत ही झुंज लवकर हरली जाते. अॅल्युमिनियम आणि व्हॅनेडियम मिसळलेले टायटॅनियम पोलादाच्या निम्म्याहून थोडेसेच जास्त जड, पण ताकदीला भक्कम. म्हणून कवचासाठी ते हवेसे वाटते. मात्र त्यातून उष्णता फार हळू वाहते, त्यामुळे असे पट्टे त्यात सहज तयार होतात. म्हणून भट्टीत तापवण्या-थंडावण्याची रीत बदलून त्याची आतली घडण सुधारतात. उर्दूत सांगायचे तर ‘सख्ती’ पुरत नाही, ‘लचक’ही लागते.

९ नोव्हेंबर २०१८ रोजी नाशिकजवळच्या देवळालीत एम-७७७ तोफा भारतीय लष्करात दाखल झाल्या. त्यांची नळी पोलादाची, पण धक्का झेलणाऱ्या सांगाड्यात टायटॅनियम भरपूर आहे. वजन सव्वाचार टनांच्या आसपास. ५५ टनांपासून इथवरचे अंतर फौजांनी नव्हे, धातूच्या अभ्यासाने कापले आहे.

रूमी खान तुर्क होता, त्रेस्का फ्रेंच, झेनर अमेरिकी. हुनर कोणा एका कौमची जागीर नसते. ज्याने भट्टीपुढे घाम गाळला, त्याच्याकडे तो जातो. धुळे-जळगावच्या उर्दू शाळांतली आपली मुले वेल्डिंग, लेथ, गॅरेज यांत हात काळे करतातच. त्यांना तोफेचे नाव पाठ आहे. आता धातुशास्त्राचे पुस्तकही त्यांच्या हाती द्या. आयटीआयनंतर डिप्लोमा, डिप्लोमानंतर पदवी, ही वाट दाखवा. रूमी खानाचा खरा वारसा या वाटेवर आहे.