घरचा तरणहौद

पाणी घरात आणून त्यात डुंबावे, ही हौस जुनी आहे. रोमन धनिकांच्या वाड्यांतून खासगी स्नानगृहे होतीच. परंतु व्यायामासाठी पाणी घरी आणणे, ही गोष्ट निराळी. तिचा इतिहास फार जुना नाही, आणि तो हौसेपेक्षा दुखण्यातून अधिक निघाला आहे. आज 'स्विम स्पा' या नावाने साधारण १२ ते १९ फूट लांबीचा जो हौद विकला जातो, तो घ्यावयास निघालेल्या गृहस्थाने हा इतिहास आधी ऐकावा.

१९२१ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील फ्रँकलिन रूझवेल्ट यांना पोलिओने गाठले. तेव्हा त्यांचे वय ३९ होते. पाय गेले. १९२४ मध्ये ते जॉर्जिया राज्यातील वॉर्म स्प्रिंग्ज या गावी गेले. तेथील झऱ्याचे पाणी मुळातच कोमट. जमिनीवर न हलणारे पाय त्या पाण्यात थोडे थोडे हलू लागले! यात चमत्कार काही नव्हता. आर्किमिडीजचा नियम आपण शाळेत शिकलोच आहोत. कमरेइतक्या पाण्यात उभ्या माणसाच्या पायांवर वजनाचा निम्माच भार पडतो. गळ्याइतक्या पाण्यात तर जेमतेम दहावा हिस्सा. १९२६ मध्ये रूझवेल्टांनी ती जागा विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी इतर रुग्णांसाठी तेथे संस्था काढली. ते राष्ट्राध्यक्ष झाल्यावर, १९३३ मध्ये, न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्राने लोकांकडून वर्गणी जमवून व्हाइट हाउसमध्येच त्यांच्यासाठी हौद बांधविला. पुढे केनेडी आपल्या दुखऱ्या पाठीसाठी त्यात पोहत. १९७० मध्ये निक्सन यांच्या काळात त्यावर जमीन घालून पत्रकारांची खोली झाली.

दुसरी हकीकत जकूझी घराण्याची. हे इटलीतून आलेले बंधू कॅलिफोर्नियात पंप बनवीत, मुख्यतः शेतीसाठी. त्यांपैकी कँडिडो यांच्या मुलाला लहानपणीच संधिवात जडला. तेव्हा घरच्या साध्या टबात सोडून पाण्याला जोर देणारा एक पंप त्यांनी तयार केला, आणि १९५६ च्या सुमारास तो बाजारात आला. म्हणजे आज चैनीचे म्हणून ओळखले जाणारे हे नाव एका मुलाच्या सुजलेल्या सांध्यांपाशी जाऊन पोचते.

तिसरा धागा शास्त्रज्ञांचा. पोहणाऱ्याचा श्वास मोजायचा, तर तो एका जागी राहिला पाहिजे. स्वीडनचे शरीरशास्त्रज्ञ ऑस्ट्रांड यांनी माणूस स्थिर आणि पाणी वाहते, असा हौद वापरला. १९७२ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. तीच युक्ती १९८८ पासून अमेरिकेत 'एंडलेस पूल' या नावाने घरगुती झाली.

पण या इतिहासाला काळी बाजूही आहे, ती झाकून चालणार नाही. वॉर्म स्प्रिंग्जची ती संस्था गोऱ्यांपुरतीच होती. कृष्णवर्णीय रुग्णांसाठी १९४१ मध्ये टस्कीगी येथे वेगळे केंद्र निघाले. पुढे सार्वजनिक तरणतलाव सर्वांना खुले करा, असे न्यायालये सांगू लागली, तेव्हा मिसिसिपीतील जॅक्सन शहराने आपले तलाव बंदच करून टाकले. १९७१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्या बंदीला मान्यताही दिली. अमेरिकेत ज्यांना परवडले त्यांतील कितीकांनी पाणी घरी आणले, ते दुसऱ्याबरोबर पोहायचे नाही म्हणून. एक हौद गरजेने झाला, दुसरा दुराव्याने. मग आपला कोणता?

हा प्रश्न स्वतःला विचारला की निवड सोपी होते. सांधे दुखतात म्हणून हौद हवा असेल, तर पाणी ३३ अंशांच्या आसपास ठेवता आले पाहिजे, आणि पायऱ्या व कठडा हवाच. जोराने पोहायचे असेल तर २६ ते २८ अंश पुरे. त्याहून ऊन पाण्यात दम लवकर लागतो. एकाच पाण्यात दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधत नाहीत. प्रवाहही पारखून घ्यावा. नळ्यांतून सुटणारी धार अरुंद असते आणि पाणी घुसळते. मोठ्या पंख्याने ढकललेला प्रवाह रुंद व संथ असतो, मात्र त्याची किंमत जास्त. दुकानात पोशाख घालून पाण्यात उतरावे. नुसते बघून काही समजत नाही.

आणि जागा? एक घनमीटर पाणी म्हणजे १,००० किलो. चार फूट पाणी भरले की दर चौरस मीटरला सुमारे १,२०० किलो भार झाला. आपल्याकडे वावरण्याच्या साध्या गच्चीवर माणसासामानाचा भार धरतात तो सुमारे १५० किलो. तेव्हा गच्चीचा बेत असेल, तर विक्रेत्याच्या आधी इमारतीच्या अभियंत्याला विचारावे.

एवढे करूनही, गावातला तलाव जवळ असेल आणि पाय धड असतील, तर आधी तिकडची वाट धरावी. आपल्याकडे कित्येक पिढ्या पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकल्या, त्या एकेकट्या नव्हे; काठावर कोणीतरी उभे असे. घरच्या हौदातही ते 'कोणीतरी' असावे. एकट्याने, दार लावून, पाण्यात कधी उतरू नये.