पत्रांतील ‘विशेष’

पिंपळे सौदागर हें पवनेच्या कांठचें गांव आतां नांवापुरतेंच गांव राहिलें आहे. हिंजवडीच्या संगणक-कचेऱ्यांत जाणाऱ्या मंडळींची तेथें दाट वस्ती झाली आहे. वरिष्ठास लिहितांना मुद्दा पहिल्या ओळींत घालावा, कारणें मागाहून द्यावीं, हा नियम या मंडळींच्या चांगल्या परिचयाचा. अमेरिकन लष्करानें तो आपल्या पत्रव्यवहारास लावून दिला आहे. आणि १९४० च्या ऑगस्टांत, ऐन युद्धाच्या धामधुमींत, चर्चिलनेंही थोडक्यांत लिहिण्याविषयीं आपल्या खात्यांस एक टिपण धाडलें होतें. यावरून नेमकेपणा ही पाश्चात्त्यांची देणगी, आमचे जुने कारकून केवळ पाल्हाळिक, असें अनुमान कांहीं सुशिक्षित लोक काढतात. ज्यांनीं जुने मराठी कागद चाळले आहेत त्यांस हें पटणार नाहीं.

पेशवाईंतील पत्र घेतलें म्हणजे प्रथम मायना लागतो. श्रीकार, पदव्या, नमस्कार किंवा आशीर्वाद, येथील कुशल, आणि स्वकीय कुशल लिहिण्याची विनंति. हें सर्व ठराविक सांच्याचें. त्यानंतर एकच शब्द येतो: ‘विशेष’. मजकूर तेथून सुरू होतो. मुद्दा कागदाच्या माथ्यावर नसला तरी तो कोठें शोधावा हें वाचणारास पक्कें ठाऊक असे. मायनाही निरर्थक नव्हता. लिहिणारा कोण, वाचणारा कोण आणि त्यांच्यांत थोर कोण, हें त्यावरूनच कळे. दरबारी व्यवहारांत ही माहिती मुद्द्याहून कमी मोलाची मानण्याचें कारण नाहीं.

सावकारांस मात्र एवढी सवड नसे. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर अनर्थ झाला, तेव्हां नानासाहेब पेशवे मदतीस उत्तरेकडे चालले होते. आदल्या ऑक्टोबरांत अबदालीनें यमुना उतरून भाऊसाहेब व दिल्ली यांच्यामध्यें ठाण मांडलें होतें. त्यामुळें लष्करांतून येणाऱ्या पत्रांची वाटच तुटली होती. ग्रँट डफनें १८२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या इतिहासांत म्हटल्याप्रमाणें, पानिपताहून औरंगाबादेस नऊ दिवसांत पोंचण्याच्या बोलीनें सावकारांनीं धाडलेला एक कासीद वाटेंत पेशव्यांपुढें आणला गेला व त्याच्याजवळचें पत्र फोडण्यांत आलें. दोन मोत्यें, सत्तावीस मोहरा आणि मोजदाद न होणारें रुपें-तांबें गेल्याची ती वार्ता सर्वश्रुत आहे. सांकेतिक भाषेचें कौतुक सारेच करतात; आम्हांस तिच्यांतील क्रम अधिक लक्षणीय वाटतो. प्रथम विश्वासराव व भाऊसाहेब, मग सरदार, मग अगणित शिपाई. पुढचा कागद फाटला असता तरी पेशव्यांस जें कळावयाचें तें कळलेंच असतें. त्याच वर्षीं जूनमध्यें पर्वतीवर त्यांचा अंत झाला.

परंतु मुद्दा आधीं लिहिणें हें सर्वत्रच श्रेयस्कर, असेंही नव्हे. मे १६७३ मध्यें शिवाजीमहाराजांचें चिपळूणच्या छावणींतील जुमलेदार, हवालदार व कारकून यांस गेलेलें पत्र पहावें. रयतेस उपद्रव देऊं नये, हा त्याचा गाभा. तेवढी एक ओळ लिहून भागलें असतें काय? महाराज आधीं परिस्थिति सांगतात, मग परिणामांची सांखळी एकेका कडीनें उलगडतात: दाणा-वैरण आतां बेहिशेब उडविली तर भर पावसाळ्यांत ती मिळणार नाहीं, घोडीं मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरांत शिराल, ते परागंदा होतील, आणि मोगलांपेक्षां तुम्हीच वाईट असें त्यांस वाटेल. धन्याची नजर दूर असतांना हा हुकूम शिपायाकडून पाळला जावयाचा होता. त्यास कारण पटणें अवश्य होतें. त्यापुढें आगीविषयींची ताकीद येते, आणि तींत रात्रीं तेवत ठेवलेल्या दिव्याची वात उंदीर नेईल व गवतास आग लागेल, इतक्या बारकाव्यापर्यंत महाराज उतरतात.