वाऱ्याची शीळ आणि खानदेशचे रस्ते

धुळें शहरापाशीं दोन मोठे रस्ते एकमेकांस छेदतात. एक मुंबईहून नाशिक, मालेगांव, धुळें, शिरपूर असा येऊन सातपुडा ओलांडून आग्र्याकडे जातो. दुसरा सुरतेहून नवापूर, साक्री, धुळें, पारोळें, एरंडोल व जळगांव यांवरून नागपुराकडे निघतो. पहिला साधारणपणें दक्षिणोत्तर, दुसरा पूर्वपश्चिम. कॅप्टन जॉन ब्रिग्ज यानें १८१८ नंतर खानदेशच्या कारभाराचें ठाणें धुळ्यास केलें, त्या वेळीं या वाटांवर बैलांचे तांडे चालत. पुढें बैलगाड्या आल्या, टांगे आले आणि अखेर मोटार आली. मोटारीच्या इतिहासांतील एक लहानसें दिसणारें प्रकरण समजून घेण्यास या चौकाइतकी सोयीची जागा क्वचितच सांपडेल. तें प्रकरण म्हणजे वेगांतल्या मोटारींत होणारा वाऱ्याचा आवाज, त्याचा शोध आणि त्याचा बंदोबस्त.

हिंदुस्थानांत मोटार आली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. तिचें छप्पर कापडाचें, बाजू उघड्या, आणि इंजिनाचा व दांतेरी चक्रांचा गोंगाट एवढा कीं शेजारच्या माणसाशीं बोलावयाचें तर ओरडावें लागे. रस्ते मुरुमाचे व खडीचे, बैलगाड्यांच्या चाकोऱ्या पडलेले. ताशीं तीस-चाळीस किलोमीटर वेगानें जाणाऱ्या अशा गाडींत वारा डोळ्यांत धूळ घाली, टोपी उडवी. परंतु त्याच्या आवाजाबद्दल तक्रार करण्याचें कोणास कारण नव्हतें. ज्या घरांत जातें फिरत आहे, तेथें घड्याळाची टिकटिक कोण ऐकणार?

ही तक्रार जन्मास आली ती मोटारीला दारें-खिडक्या आल्यावर. अमेरिकेंत १९१९ सालीं तयार झालेल्या मोटारींपैकीं सुमारें दहा टक्केच बंद पेटीच्या होत्या. १९२२ सालीं एसेक्स ही बंद मोटार उघड्या गाडीच्या किंमतीजवळ मिळूं लागली, आणि १९२७ पर्यंत बंद गाड्यांचें प्रमाण पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास गेलें. पाऊस आणि धूळ बाहेर राहिलीं खरीं. पण दार आलें कीं दाराची फट आली, काच आली कीं काचेची खांच आली, छपराच्या कडेला पन्हळ आली. शीळ घालावयास वाऱ्याला आणखी काय हवें? शिवाय पेटी बंद झाल्यामुळें आंत शांतता आली, आणि शांततेंत लहान आवाजही मोठा वाटतो. इंजिन सौम्य झालें, टायर सुधारले, रस्ता गुळगुळीत झाला. एकेक गोंगाट बाजूला सरला तसतसा त्याच्या मागें दडलेला वारा पुढें आला.

वारा आवाज कां करतो, याचा शोध मात्र मोटारीपूर्वींच लागूं लागला होता. स्ट्रूहाल नांवाच्या बोहेमियांतील पदार्थविज्ञानवेत्त्यानें १८७८ सालीं हवेंत तारा फिरवून त्यांचा सूर मोजला. तार ताणलेली असो वा सैल असो, सुराची उंची केवळ वेगावर आणि तारेच्या जाडीवर अवलंबून असते, असें त्यास आढळलें. तार स्वतः डुलूं लागते ती वाऱ्याच्या दिशेनें नव्हे, तर आडवी, हें लॉर्ड रॅले यानें दाखविलें. आणि १९११-१२ च्या सुमारास थिओडोर फॉन कार्मान यानें तिच्या मागें डावीउजवीकडे आळीपाळीनें सुटणाऱ्या भोंवऱ्यांच्या रांगेचें गणित मांडलें. या ज्ञानाचा उपयोग साधा आहे. वेगाला जाडीनें भागून त्याचा पांचवा हिस्सा घेतला कीं सेकंदास किती कंपनें होतील तें कळतें. ताशीं १०० किलोमीटर वेगानें जाणाऱ्या मोटारीची रेडिओची चार मिलिमीटर जाडीची काठी सेकंदास सुमारें १,४०० कंपनांची बारीक शीळ घालील. छपरावरील सामानाच्या सांगाड्याचा पंचवीस मिलिमीटर जाडीचा गज सव्वादोनशेंच्या आसपास घुमेल. वेग निम्मा केला कीं दोहोंचा सूर निम्म्यावर उतरतो. कित्येक मोटारींच्या काठीवर मळसूत्रासारखा पीळ दिसतो, तो शोभेसाठीं नव्हे. भोंवरे सर्वत्र एकाच क्षणीं सुटूं नयेत म्हणून तो दिलेला असतो.

याउलट मागची एकच काच अर्धी खालीं केली असतां कानाचे पडदे दडपणारा जो धबधब आवाज होतो, त्याची जात निराळी. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तशी सारी मोटार तेव्हां घुमत असते. अशा पोकळीच्या घुमण्याचा अभ्यास जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यानें एकोणिसाव्या शतकांतच केला होता. त्यावर उपाय फुकट आहे: दुसरी एखादी काच दोन बोटें खालीं करावी.

आवाज किती वाढतो, याचें उत्तर अधिक महत्त्वाचें आहे. जेम्स लाइटहिल यानें १९५२ सालीं वाहत्या हवेच्या ध्वनीचें शास्त्र पायाशुद्ध मांडलें. पुढें १९५५ सालीं कर्ल यानें त्यांत घन पृष्ठभागाचा विचार आणला. त्यावरून असें दिसतें कीं, मोटारीसारख्या वस्तूवरून वारा वाहतांना निघणारी ध्वनिशक्ति वेगाच्या सुमारें सहाव्या घातानें वाढते. वेग दुप्पट झाला कीं शक्ति चौसष्टपट, म्हणजे अठरा डेसिबेल. कानाला आवाज सुमारें साडेतीनपट मोठा वाटतो.

येथें खानदेशच्या वाऱ्याचा संबंध येतो. उन्हाळ्यांत व पावसाळ्यांत तापीच्या खोऱ्यांत पश्चिमेकडचा वारा जोर धरतो. साक्री तालुक्यांत ब्राह्मणवेलच्या बाजूस पवनचक्क्या उभ्या आहेत त्या त्याच्याच भरंवशावर. अशा दिवसांत जळगांवाहून धुळ्याकडे ताशीं ९० किलोमीटर वेगानें निघालेल्या मोटारीला समोरून ३० किलोमीटरांचा वारा मिळाला, तर तिच्या अंगावरून वाहणाऱ्या हवेचा वेग १२० होतो. परत येतांना तोच वारा पाठीशीं, म्हणजे वेग ६०. मोटार तीच, रस्ता तोच, वेगाच्या कांट्याचा आंकडाही तोच. आणि आवाजाची शक्ति एकीकडे दुसरीकडच्यापेक्षां चौसष्टपट! जातांना ऐकूं आलेली शीळ परततांना गेली म्हणून गाडी आपोआप सुधारली असें मानणारा मालक, आणि गाडींत कांहींच दोष नाहीं असें छातीठोकपणें सांगणारा कारागीर, हे दोघेही आपापल्या परीनें खरें बोलत असतात. त्यांनीं वाऱ्याची दिशा तेवढी विचारलेली नसते.

आग्रा रस्त्यावर हाच वारा आडवा लागतो. धुळ्याहून शिरपुराकडे जातांना तो डाव्या अंगास येतो. जी बाजू वाऱ्याच्या आडोशाला, तिकडे आवाज कमी असावा असें कोणासही वाटेल. प्रत्यक्षांत पुढील काचेच्या खांबावरून सुटणारा भोंवरा आडोशाच्या बाजूसच अधिक प्रबळ होतो, आणि तेथील कमी दाबामुळें दाराची वरची चौकट बाहेर ओढली जाते. उजवीकडे बसलेल्या चालकाच्या कानाशीं फसफस सुरू होते ती अशी. सावळद्यापाशीं तापीच्या पुलावर मोटार चढली आणि कांठचा आडोसा संपला कीं हा फरक एकाएकीं जाणवतो.

आपल्याकडे हा प्रश्न उशिरां उभा राहिला. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकारानें १९४४ सालीं स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनें १९५४ पासून मुंबईंत फियाट ११०० मोटार काढली. १९७४ पासून तिला प्रीमियर पद्मिनी असें नांव मिळालें. तिच्या पुढील दारांत एक त्रिकोणी काच असे. ती तिरकी उघडली कीं वैशाखांत वाऱ्याचा झोत अंगावर येई, आणि खानदेशच्या उन्हांत तो झोत म्हणजे चैनच. हीच काच नीट न मिटल्यास सुंदर शीळ घाली. परंतु इतर काचा उघड्या असत, रस्ता एकपदरी असे, समोरून मालमोटार आली कीं निम्मी चाकें मातींत उतरवावीं लागत. शिळेची पर्वा कोणास होती?

चित्र बदललें तें रस्ता रुंद झाल्यावर. दोन्ही राजमार्गांचें चौपदरीकरण एकविसाव्या शतकांत झालें. धुळें-जळगांव दरम्यानच्या फागणे-तरसोद टप्प्याचें काम तर वर्षानुवर्षें रेंगाळलें. याच काळांत मोटारींत वातानुकूलन सर्वसाधारण होऊन काचा कायमच्या मिटल्या, आणि ताशीं साठानें जाणाऱ्या गाड्या शंभराच्या घरांत गेल्या. साठाहून शंभर म्हणजे सहाव्या घातानें एकवीसपटींहून अधिक. हा केवळ सुखासीनांचा प्रश्न आहे असें म्हणणें सोपें आहे. पण मागून येणाऱ्या गाडीचा कर्णा या आवाजांत बुडतो आणि दोन-तीन तासांत चालकाचें डोकें जड होतें, हें मालवाहू मोटार हांकणाऱ्या माणसास विचारावें.

दोषाचा शोध घेण्याची रीत मात्र प्रयोगशाळांच्या बरोबरीनें कारखान्यांच्या ओट्यांवर घडली. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं ज्या धुळ्यांत १९२६ सालीं देह ठेवला, तेथें मूळ पुरावा पाहिल्यावांचून विधान करूं नये हें सांगण्याची गरज नसावी. तरीही आवाज आला कीं प्रथम चाकाचें बेअरिंग बदलावयाचें, मग टायर, आणि पैसे संपल्यावर वाऱ्याचा विचार करावयाचा, असा क्रम पुष्कळ ठिकाणीं दिसतो. वास्तविक ओळख कठीण नाहीं. डांबर सोडून सिमेंटच्या रस्त्यावर येतांच सूर बदलला तर तो टायरचा; वळण घेतांना वाढला वा घटला तर बेअरिंगचा संशय धरावा. रस्ता कोणताही असो, जो आवाज वेगाबरोबर आणि वाऱ्याच्या दिशेबरोबर बदलतो, तो वाऱ्याचा.

मग रंगाऱ्याची कागदी चिकटपट्टी हातीं घ्यावयाची. आरशाचें बूड, दारांच्या कडा, पुढील काचेची चौकट, छपराची पन्हळ, मुठी, हें सर्व पट्टीनें झांकून ठरलेल्या तुकड्यावर, ठरलेल्या वेगानें व एकाच दिशेनें मोटार चालवावयाची. आवाज गेला तर चोर पट्टीखालीं आहे. नंतर एका वेळीं एकच पट्टी काढून तोच तुकडा पुन्हां पार करावयाचा. ज्या पट्टीबरोबर आवाज परत येतो, ती जागा सांपडली. सगळ्या पट्ट्या लावूनही आवाज कायम राहिला, तर तो फटीचा नसून आरशाच्या किंवा काठीच्या आकाराचा आहे. या पद्धतींत वेळ जातो, दहा-बारा फेऱ्या होतात, आणि घाई करणारा मनुष्य एकदम तीन पट्ट्या काढून सारें मुसळ केरांत घालतो.

जागा सांपडल्यावर तिची झडती घ्यावयाची. दाराच्या रबरांत कागदी नोट धरून दार लावावें आणि नोट ओढावी. जेथें ती सहज निसटते तेथें रबर दाबलें जात नाहीं. रबरावर खडू घासून दार मिटल्यास पत्र्यावर उमटलेल्या रेघेंतील खंड तीच गोष्ट दाखवितो. पाण्याची परीक्षा मात्र फसवी आहे. पाणी थांबविणाऱ्या पुष्कळ फटींतून हवा सुखानें जाते.

खानदेशांत रबराचे दोन वैरी आहेत, ऊन आणि धूळ. पंचेचाळीस अंशांच्या उन्हांत रोज उभ्या असलेल्या मोटारीचें रबर चपटें व कडक होतें, आणि काळ्या मातीची पूड त्याच्या ओठावर बसून राहते. कित्येक शिळा ओल्या फडक्यानें पुसून आणि सिलिकॉनचा हात फिरवून गेल्या आहेत. कित्येकांस नवें रबर लागतें. अपघातानंतर ठोकून सरळ केलेल्या दाराची गोष्ट वेगळी. तेथें वरची चौकट केसभर बाहेर राहिलेली असते, आणि डेंटरनें ती हलक्या हातानें आंत घेऊन कुलपाचा खिळा सरकविल्यावांचून कितीही रबर भरलें तरी व्यर्थ. सर्वांत वाईट उपाय म्हणजे दिसेल तें भोंक चिकट लुकणानें बुजविणें. दाराच्या तळाशीं पाणी वाहून जाण्यास जीं भोंकें ठेविलेलीं असतात तींही त्यांत बुजतात, पहिल्या पावसांत दारांत पाणी सांचतें, आणि दोन वर्षांत पत्रा गंजतो.

कारखानदारांनीं मूळ आकारच बदलण्याकडे लक्ष दिलें. आउडी १०० या जर्मन मोटारीनें १९८२ सालीं काचा पत्र्याच्या सपाटीला आणून बसविल्या. पुढें रबराच्या दुहेरी ओळी आणि ध्वनि शोषणाऱ्या पापुद्र्याच्या काचा आल्या, पन्हळ छपरांत लपली, त्रिकोणी काच मिटली. पुण्यास १९६६ पासून मोटारींच्या संशोधनाची एआरएआय ही संस्था आहे. आणि धुळ्याहून आग्रा रस्त्यानेंच सेंधव्याचा घाट चढून, नर्मदा ओलांडून गेल्यास इंदुराजवळ पीथमपुरास ११.३ किलोमीटर लांबीचा लंबवर्तुळाकार वेगमार्ग लागतो; तो २०२१ सालीं खुला झाला. तेथें मोटार न थांबतां हव्या त्या वेगानें तासन्‌तास चालवितां येते, आणि प्रत्येक फेरींत वारा एकदां समोरून व एकदां पाठीमागून आपोआप मिळतो.

विजेच्या मोटारींनीं ही जुनी कहाणी पुन्हां पहिल्या पानावर आणली आहे. इंजिनच नसल्यामुळें झांकणारा गोंगाट उरला नाहीं, आणि पेट्रोलच्या गाडींत जी फसफस कोणाच्या ध्यानींही आली नसती ती या गाडींत प्रथमदिवशींच कानांत भरते. जळगांवच्या एखाद्या कारागिराकडे अशी मोटार आली, तर त्यानें चिकटपट्टीची गुंडाळी घेऊन पश्चिमेकडे तोंड करावें, पारोळ्यापर्यंत जावें, आणि परततांना पुन्हां ऐकावें.