लगाम नसलेल्या उंदराचं कुळ

पनवेल तालुक्यात खारघरला टाटा स्मारक केंद्राची 'अ‍ॅक्ट्रेक' ही कर्करोग संशोधन संस्था आहे. तिचं मूळ परळचं. १९५२ साली तिथे भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झालं, डॉ. वसंत खानोलकर पहिले संचालक. २००२ साली बिऱ्हाड रायगडात आलं. परळला डॉ. कमल रणदिवे उंदरांवर स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास करत. पुण्यात जन्मलेल्या या बाईंनी संप्रेरकं, विषाणू आणि अनुवंश यांचा एकत्र विचार केला. 'आयसीआरसी' या उंदरांच्या जातीला त्या केंद्राचंच इंग्रजी आद्याक्षरांतलं नाव आहे.

प्रयोगाच्या उंदराला कुळ लागतं. सख्ख्या भावंडांचं मीलन वीस पिढ्या चालवलं की सारे उंदीर जवळपास एकसारखे होतात. अमेरिकेत अ‍ॅबी लॅथ्रोप हौशी लोकांसाठी उंदीर पाळायच्या. त्यांच्याच उंदरांपासून १९२१ साली 'सी ५७' हे काळं घराणं निघालं.

पुढे नेमकं एकच जनुक काढून टाकायची युक्ती साधली. १९९२ साली संशोधक डोनहॉवर आणि सहकाऱ्यांनी 'पी ५३' नसलेले उंदीर जन्माला घातले. हे जनुक पेशीच्या वाढीचा लगाम. पिल्लं बहुतेक धडधाकट जन्मली, पण सहा महिन्यांत चारांतल्या जवळपास तिघांना गाठी झाल्या. त्यांत थायमस ग्रंथीतला लिम्फोमा फार.

त्या गाठीत काय बिघडतं? डीएनए दुखावल्यावर विभाजन थांबवणारं 'पी २१' प्रथिन पुरेसं वाढत नाही. पण तेवढ्यानं कर्करोग होत नाही. लिम्फोमांमध्ये पुष्कळदा 'पीटेन' हा दुसरा पहारेकरीही हरवतो, त्यामुळे 'एकेटी' हे वाढीला चालना देणारं प्रथिन मोकाट सुटतं. 'सायक्लिन डी' आणि 'सीडीके ६' ही विभाजनाला ढकलणारी प्रथिनं वाढतात. एक जनुक जातं आणि प्रथिनांची अख्खी साखळी हलते. मला या संशोधनातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं, कारण औषधाला धरायला जागा या साखळीतच सापडते. हरवलेलं जनुक परत बसवणं फार कठीण. मोकाट प्रथिनाला अडवणं त्या मानानं आवाक्यातलं.

पण घराणंही महत्त्वाचं: जनुक तेच गेलं तरी '१२९' या दुसऱ्या घराण्याच्या नरांत वृषणाच्या गाठी जास्त होतात. म्हणून 'उंदरांत अमुक प्रथिन वाढलं' अशी बातमी वाचाल, तेव्हा आधी विचारा: उंदीर कुठल्या घराण्याचे, आणि तुलनेला जनुक शाबूत असलेली त्यांचीच भावंडं होती का?